सातवी ओंजळ

डोंगरपाडा, ता. तलासरी
१२ जानेवारी २०२४

निर्मलाबायला,

धोंडूचा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. तू माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून आशीर्वाद. आणि चिखल्याला तुमच्या वाडीत चिकूच्या खोक्यांवर कोळशानं अक्षरं काढून मला लिहायला शिकवलंस ती तू, म्हणून नमस्कार. यातलं कुठलं आधी लिहायचं ते मला पंचावन्न वर्षांत ठरवता आलेलं नाही.

फोन केला असता, पण आमच्या पाड्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते आणि मी टाकीकडे निघालो की शुक्री मागोमाग येते, नवरा कुणाशी बोलतोय बघायला. हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

आधी चांगलं सांगतो. निलमचं लग्न ठरलं. मुलगा रानशेतचा, संदीप नाव, गॅरेजमध्ये कामाला आहे. वैशाखात करू म्हणतोय. तिची आई गेल्यापासून पोर आमच्याच अंगाखांद्यावर वाढली, तेव्हा लग्न शुक्रीच लावणार. आमच्यात धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावते हे तुला माहीत आहे, आणि शुक्रीनं या मुलखात किती लावली त्याची मोजदाद नाही. पण आपल्या नातीचं लावायचं म्हणून बाई आतापासून फुगून बसलीय.

आता दुसरं. मागच्या महिन्यात उधव्याकडे एक लग्न होतं. तांदळाचं गाणं तुला आठवतं का? लग्नघरात दाणा नाही, म्हणून नवरीची आई सात दारं फिरते. डोंगर एक ओंजळ देतो, नदी एक देते, मुंगी देते, राघू देतो, खार देते, बांबू देतो. अशा सहा. ओळ आधी शुक्री म्हणते, मग सोनीबाई आणि दुसरी एक बाई मागून उचलतात. सातवी ओंजळ कुणी दिली ते मात्र मोठ्यानं म्हणायचं नाही. ते शुक्री नवरीच्या कानात सांगते. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलं.

तर मी बाहेर पुरुषांत बसलो होतो. राघूच्या ओंजळीला मला वाटलं, काहीतरी कमी आहे. गाणं चालू होतं, कुणाला काही कळलं नाही. पण मी चाळीस वर्षं बाहेर बसून ऐकतोय, बाय. तीन आवाजांतला एक नव्हता. वाकून बघितलं तर शुक्रीचं तोंड उघडं आणि त्यातून काही येत नाही. उजव्या हातातले तांदूळ मांडीवर सांडलेले. सोनीबाईनं आपणच ओळ पुढे नेली. बांबूपर्यंत गाणं गेलं, तोवर हिचा आवाज परत आला, आणि हिनं वाकून नवरीच्या कानात सांगितलं, काही झालंच नाही असं.

घरी विचारलं तर म्हणते, "शब्द दिसत होते, पण हाताला लागत नव्हते. खोल विहिरीत भांडं पडल्यावर दिसतं तसे." दिवाळीत एकदा डाव्या डोळ्यावर पडदा खाली आल्यासारखं झालं होतं, तेही आता सांगते.

वय झालं, दुसरं काय. तरी डोक्याला ताकद येईल अशी एखादी चांगली बाटली कळव. तू तीस वर्षं नर्स होतीस, तुला ठाऊक असेल. लग्नापर्यंत तरी तिनं काही विसरू नये.

तुझा,
धोंडू

•

बोरिवली
१८ जानेवारी २०२४

धोंडूदादा,

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि लगेच लिहायला बसले. बाटली नको. आणि हे वयाचं नाही, विसरणंही नाही. विसरलेलं दहा मिनिटांत जसंच्या तसं परत येत नाही.

मी शेवटची अकरा वर्षं मेंदूच्या वॉर्डात होते. शब्द अडणं, उजवा हात सैल पडणं, डाव्या डोळ्यावर पडदा येणं, हे तिन्ही एकाच ठिकाणाहून येतं. मानेच्या डाव्या बाजूनं एक मोठी रक्तवाहिनी मेंदूकडे जाते. ती आतून अरुंद झाली की वर रक्त कमी पोचतं, किंवा आतल्या थराचा कण सुटून वर जाऊन अडकतो. कण विरघळला तर माणूस दहा मिनिटांत उठून बसतो. नाही विरघळला तर अर्धांगवायू. तू ठिबकच्या नळ्या सांभाळल्या आहेस, तुला वेगळं काय सांगू. आतून क्षार बसलेली नळी बाहेरून चांगलीच दिसते.

तेव्हा चार दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायची, एवढं त्यांना सांग. सोबत चिठ्ठी लिहून देते, ती दाखव. रक्त पातळ करायची गोळी ते लगेच सुरू करतील. आणि वहिनीला कुणाकडूनही मान चोळून घेऊ देऊ नकोस, कितीही आराम वाटला तरी.

वाडी आता जतीन बघतो, त्याला मी फोन करते, तो वाडीची गाडी घेऊन येईल. गाडीला नाही म्हणू नकोस. वाडी तुझ्याच हातानं वाढली आहे.

निलमला माझा लाड सांग. वहिनीला म्हणावं, लग्नाला मी आठ दिवस आधी येऊन भिंतीवरचा चौक काढायला तांदळाचं पीठ वाटणार आहे.

निर्मला

•

डोंगरपाडा
२ फेब्रुवारी २०२४

निर्मलाबाय,

तू म्हणालीस तसंच निघालं. तू चुकली असतीस तर मला आवडलं असतं.

वापीला नेलं. डॉक्टर तरुण होता, निलमच्या वयाचा वाटला, पण हात हलका होता. आधी त्यानं मानेला नळी लावून ऐकलं. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, "काका, ऐकायचंय?" मी कानाला लावली. ताडीच्या मडक्याला दुपारचा कान लावला की आत सूं सूं चालतं ना, तसं. माझ्या मानेत तसं काही नव्हतं, तेही त्यानं ऐकवलं. चाळीस वर्षं मी या बाईचा गळा ऐकला आणि आतला हा आवाज मला कधी ऐकू आला नाही.

मग सोनोग्राफी झाली, नंतर शिरेत औषध सोडून मोठ्या यंत्रात फोटो काढले. डावी रक्तवाहिनी शंभरात ऐंशी भाग बंद. गोळ्या दिल्या. म्हणाला, मान उघडून ती रक्तवाहिनी चिरायची, आतला थर काढायचा आणि परत शिवायची. पंधरा दिवसांच्या आत झालं तर चांगलं.

परतताना घोलवडला शुक्रीनं गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "सुताराची करवत दुसऱ्याच्या हातात देतात का? मग माझा गळा कसा देऊ?" जतीनभाई हसला. मला हसू आलं नाही. पुढे म्हणाली, "निलमचं लग्न लावते, मग गळा घ्या नाहीतर डोकं घ्या."

मी म्हटलं, निदान गाणं मला लिहून घेऊ दे, सातव्या ओंजळीसकट. तर म्हणते, "कागदाला कान असतो का? ती कानात द्यायची आहे." सोनीबाईलाही अजून दिलेली नाही. तिला म्हणते, नंतर सांगेन.

आता तुला एक विचारतो. नीट उत्तर दे. आपण ठिबकची नळी साफ करतो तेव्हा टोक उघडून पाणी सोडतो. क्षार सुटतो. पण सुटलेला सगळा बाहेर पडत नाही. थोडा पुढे जाऊन एखाद्या बारीक तोंडात बसतो, आणि आठ दिवसांनी तिथलं झाड मान टाकतं. पश्चिमेकडच्या ओळीतलं ते जुनं चिकूचं झाड असंच गेलं, तुझ्या बाबांनी मला बोल लावला होता. तर मग गळ्यातली नळी साफ करताना सुटलेलं वर जाऊन बसलं तर?

धोंडू

•

बोरिवली
८ फेब्रुवारी २०२४

धोंडूदादा,

आधी वहिनीची शंका. आवाजाची पेटी आणि ही रक्तवाहिनी शेजारी शेजारी असतात, पण वेगळ्या. काही दिवस घसा बसतो, मग मोकळा होतो. माझ्या वॉर्डातून अशा कितीतरी बायका घरी जाऊन सुनांवर ओरडल्या आहेत, असं सांग तिला.

तुझ्या प्रश्नाबद्दल. डॉक्टर त्याची काळजी घेतात. काम चालू असताना वरचा रस्ता चिमट्यानं बंद करून ठेवतात आणि शेवटी धुऊन मगच उघडतात. त्यांचा हात रोजचा आहे. तू त्याचा विचार करत बसू नकोस.

माझ्या जुन्या हॉस्पिटलात ज्यांच्या हाताखाली मी काम केलं त्या सर्जनशी बोलले. ते तयार आहेत. त्यांनी एकच विचारलं. त्या लग्नानंतर परत असं झालंय का? झालं असेल तर उद्याच आणा म्हणाले. नसेल आणि गोळ्या नीट चालू असतील, तर थोडं मागेपुढे करता येईल, पण तेही त्यांना फारसं आवडलेलं नाही.

तेव्हा तू मला खरं कळव. एकदा तरी झालं का? हात सैल, शब्द अडले, डोळा, काहीही.

निर्मला

•

डोंगरपाडा
१५ फेब्रुवारी २०२४

निर्मलाबाय,

परत काही झालेलं नाही. गोळ्या वेळेवर चालू आहेत. शुक्री कालच वालाच्या शेंगा तोडून आली, मला दोन शिव्याही घातल्या, अडखळली नाही.

आमचं असं ठरलंय की होळी झाली की मुंबईला यायचं. लग्नापर्यंत थांबायचं नाही, तेवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. होळीला पाड्यात तिच्यावाचून चालत नाही. महिनाभरानं घसा मोकळा झाला की वैशाखात लग्न लावेल. असं दोघांचंही राहील, डॉक्टरांचंही आणि तिचंही.

तू नळीचं सांगितलंस, बरं वाटलं. चिमटा लावतात हे मला सुचलं नव्हतं.

धोंडू

•

बोरिवली
२२ फेब्रुवारी २०२४

धोंडूदादा,

परत काही झालं नाही असं तू लिहिलंस, तेच मी सरांना सांगितलं. २८ मार्च धरली आहे. तुम्ही २६ला माझ्याकडे या. निलम आली तर तिची गादी माझ्या खोलीत. वहिनीला नाचणीची भाकरी मिळेल, पण माझ्या हातची, ती जाड असते.

मधे काही झालं तर होळीबिळी बघू नकोस.

निर्मला

•

बोरिवली
२६ एप्रिल २०२४

धोंडूदादा,

तुम्ही वहिनीला घेऊन गेलात त्याला दोन आठवडे झाले. तुझं पत्र नाही. जतीनकडून कळतं की ती धरून चालते, उजवा पाय थोडा ओढते, आणि काहीही विचारलं तरी "बरं" एवढंच म्हणते. तू माझ्यावर रागावला आहेस हे मला कळतं. तुझा राग योग्य आहे, आणि तो का योग्य आहे ते मी आता लिहिते.

तू फेब्रुवारीत मला एक प्रश्न विचारला होतास. ठिबकचा. मी वॉर्डात डॉक्टरांच्या बरोबरीनं उभी राहिलेली बाई, आणि तुझ्याइतका नेमका प्रश्न मला कुणा नातेवाइकानं कधी विचारला नव्हता. उत्तर मला पाठ होतं. शंभरात तीन. कितीही चांगला हात असला तरी शंभर माणसांतल्या दोन-तीन जणांना ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर दोन दिवसांत तेच होतं, जे टाळायला आपण ऑपरेशन करतो. सुटलेलं वर जाऊन बसतं. चिमटा असतो, धुतात, सगळं खरं. तरी शंभरात तीन.

मी ते लिहिलं नाही. मला वाटलं, लिहिलं तर तू वहिनीला वाचून दाखवशील आणि ती येणार नाही, आणि न आल्यास धोका कितीतरी जास्त होता. सही घेताना डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी मान हलवली, आणि तू सही केलीस. तुला ते आठवत असेल. मला रोज आठवतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिस्किट खात होती. मला म्हणाली, "निर्मलाबाय, तुझी भाकरी खरंच जाड असते." मग बिस्किट हातातून पडलं. डॉक्टर धावले, परत फोटो काढले, करण्यासारखं होतं ते केलं. ते तिचं शेवटचं वाक्य आहे, आणि ते मला मिळालं. ते तुला मिळायला हवं होतं.

हाताचा व्यायाम चालू ठेव. बोटं एकेक करून उघडायची, दिवसातून चार वेळा. आणि तिच्याशी बोलत राहा. तिला सगळं कळतं, फक्त बाहेर येत नाही. बोलता न येणारी माणसं कधीकधी गाऊ शकतात, मी बघितलंय. तिच्यापाशी गाणं लावून बघ.

लग्नाला मी येऊ की नको, ते तू सांग. पीठ वाटायला येणार म्हणाले होते. तू नको म्हणालास तर येणार नाही.

निर्मला

•

डोंगरपाडा
३० मे २०२४

निर्मलाबाय,

तुझं पत्र महिनाभर खिशात घेऊन फिरलो. तू लग्नाला आली नाहीस, कारण मी उत्तर दिलं नाही. हाही दोष माझ्याच नावावर लिही. रागावलो म्हणून गप्प नव्हतो.

तू आपलं लिहिलंस. आता माझं ऐक.

मी १५ फेब्रुवारीला तुला लिहिलं, परत काही झालं नाही. झालं होतं. ३० जानेवारीला एकदा आणि १३ फेब्रुवारीला एकदा. दुसऱ्या वेळी ती चुलीपाशी होती, पाव तास माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि माझं नाव तिला घेता येईना. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून मी थट्टा केली, बघ, आज घ्यायचं म्हणालीस तर येत नाही. शब्द परत आले तेव्हा तिनं माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि शपथ घातली. म्हणाली, "तिला कळवलंस तर मला उद्याच उचलून नेतील. होळीपर्यंत माझी मला राहू दे." मी राहू दिली. त्याच हातानं तुला लिहिलं.

तू डॉक्टरांना तेच सांगितलंस. माझ्या शब्दावर महिनाभर थांबले ते. उद्याच आणा म्हणाले होते ना?

मुंबईहून निघताना मी तुझ्या सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. विचारलं, माझ्या खोट्यानं झालं की तुमच्या सुरीनं? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आजोबा, लवकर आणलं असतं तरी झालं असतं, उशिरा आणून झालंही नसतं. कशानं, ते कुणी सांगू शकत नाही." तेव्हा बाय, तुझे ते शंभरात तीन तू एकटीनं घेऊन बसू नकोस. अर्धे मला दे. दीड दीड.

आता लग्नाचं. सोनीबाईनं लावलं. चौक चांगला निघाला. शुक्रीला मी मांडवात धरून बसलो होतो. बाप्या माणसानं तिथं बसायचं नसतं, पण तिला सोडलं तर ती उजवीकडे कलते, म्हणून कुणी काही बोललं नाही. चाळीस वर्षं जे बाहेरून ऐकलं ते पहिल्यांदा आतून बघितलं. तू म्हणालीस तसं गाणं लावून बघितलं होतं. चाल येते तिला, नाकातून, अगदी जागेवर. शब्द येत नाहीत. मांडवातही ती चालीबरोबर होती.

डोंगराची झाली, नदीची झाली, सहा झाल्या. बांबूपाशी सोनीबाई थांबली. तिला पुढचं ठाऊक नाही. सगळ्या बायका शुक्रीकडे बघायला लागल्या. 

मग निलम आपणहून उठली. डोक्यावरचं सगळं सांभाळत आली, आजीपुढे गुडघ्यावर बसली आणि आपला कान तिच्या तोंडापाशी नेला.

शुक्रीचे ओठ हलले. मी तिला धरून होतो, मला ऐकू आलं. ती म्हणाली, "बरं."

निलमनं थोडा वेळ कान तसाच ठेवला. मग मान डोलावली, जशी सगळ्या नवऱ्या डोलावतात, आणि जागेवर जाऊन बसली. सोनीबाईनं पुढचं गाणं उचललं. नंतर बायकांनी निलमला विचारलं, काय सांगितलं गं आजीनं? ती म्हणाली, "सांगायचं नसतं ना."

धोंडू

•

बोरिवली
९ जून २०२४

धोंडूदादा,

दीड दीड. कबूल.

तुझं पत्र मी विनिताकडून वाचून घेतलं, मला स्वतःला लग्नाच्या पुढे जाता येईना. माझी भाची ती, तुला कधी भेटलेली नाही. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, हे काका कुठल्या शाळेत शिकले? मी म्हटलं, चिकूच्या खोक्यावर.

ती सातवी ओंजळ कुणाला तरी ठाऊक असेल रे. इतक्या नवऱ्यांच्या कानात सांगितली तिनं. त्या आज चाळिशी-पन्नाशीच्या असतील. त्यांना विचार. निलमला तिची मिळू दे.

निर्मला

•

डोंगरपाडा
१८ ऑगस्ट २०२४

निर्मलाबाय,

तू म्हणालीस तसं केलं. दोन महिने हेच चाललंय. भातलावणीच्या वेळी बायका एका ठिकाणी सापडतात, त्यामुळे सोपं गेलं. आधी कुणी सांगेना. मग शुक्रीची गत बघून सांगायला लागल्या.

पहिली भेटली ती म्हणाली, खेकड्यानं दिली. मी खूश. घरी येऊन शुक्रीला विचारलं, सातवी ओंजळ खेकड्याची ना? तिनं मान हलवली. नाही. मग बाजारात दुसरी भेटली, ती म्हणाली, जुन्या सुपानं दिली. तिसरी म्हणाली, चिमणीनं. मला वाटलं, बायका विसरल्यात. सोनीबाईला विचारलं, तुझं लग्न कुणी लावलं? म्हणाली, तुमच्याच बाईनं. मग तुझ्या कानात काय सांगितलं? ती लाजली, साठीची बाई. म्हणाली, "वाऱ्यानं दिली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खेकड्याची ओंजळ ज्या पोरीला मिळाली, ती पायानं अधू आहे. शुक्रीनं तिला सांगितलं होतं, खेकडा तिरका चालतो, पण पोचतो. सुपाची ज्या पोरीला मिळाली, तिची आई लहानपणीच गेली, आणि घरात आईचं एवढं एकच सूप उरलं होतं. चिमणीची जी होती ती अजून बोलायची थांबत नाही, तुझ्या माझ्या दोघांचं बोलून टाकते. आणि सोनीबाई लग्नाआधीही एका जागी टिकत नव्हती, आमच्या पाड्यात आल्यावरही रोज माहेरी पळून जायची.

एकच ओंजळ नव्हतीच, बाय. प्रत्येक पोरीला बघून तिची तिची ठरवायची. ते आईनं शिकवलेलं नव्हतं, किंवा हेच शिकवलेलं होतं. म्हणून लिहू देत नव्हती मला. म्हणून सोनीबाईला "नंतर" म्हणत होती. सांगण्यासारखं काही नव्हतंच, बघायला शिकवायचं होतं.

म्हणजे निलमची काय होती, ते या मुलखात एकाच माणसाला ठाऊक आहे. आणि ते माणूस माझ्यासमोर बसून "बरं" म्हणतं.

निलम दर रविवारी येते. आजीची बोटं एकेक करून उघडते, तेल लावते, परत मिटतात. मागच्या रविवारी मला हळूच म्हणाली, "आजोबा, आजीच्या मनात माझ्यासाठी काय होतं?" मी म्हटलं, काढू शोधून.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की आम्ही बसतो. मी एकेक नाव घेतो. ठरवलेलं असणार हे नक्की, कारण ती ऐकताना पुढे सरकते, जवळ आलं की डोळे मोठे होतात. ताड म्हटलं, नाही. खाडी म्हटलं, नाही. गॅरेज म्हटलं, निलमच्या नवऱ्यावरून, त्याला तर तिनं तोंडच फिरवलं. चिकू म्हटलं, क्षणभर थांबली, मग नाही. निलमची आई म्हटलं. त्याला ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि डोळे पुसले, पण मान नाहीच म्हणाली.

काल मी म्हटलं, "शुक्रीनं? तूच दिलीस का गं?" मला वाटलं, हेच. हेच असणार. आणि ती हसली, बाय. बिस्किट पडल्यापासून पहिल्यांदा. तोंडाचं एकच टोक वर गेलं, पण हसली, मी मूर्ख आहे असं जी नेहमी हसायची ती. आणि मान हलवली.

रात्री अंथरुणात मला वाटलं, तिला ते आठवत असेल, की नुसतं नाही म्हणायचं एवढंच उरलंय? डॉक्टरांना विचारायचं नाही, असं मी ठरवलंय. तूही सांगू नकोस. आठवत असेल असं धरून मी रोज सकाळी बसणार.

पाऊस बरा आहे. भात लागलं. तुझ्या वाडीतल्या पश्चिमेकडच्या ओळीत त्या गेलेल्या झाडाच्या जागी जतीनभाईनं नवीन कलम लावलं, मी जाऊन आळं करून आलो.

एक काम कर. तू शिकलेली, जग बघितलेली आहेस. निलमला लहानपणापासून ओळखतेस. डोंगर झाला, पाणी झालं, पाखरं झाली, घरातली भांडी झाली, काल मी भाजीपाल्यावर आलो. माझ्याकडची नावं संपत आलीत. तुझ्याकडची पाठव.

धोंडू